बाबांच्या पंचाहत्तरीला ७५ रुपयांचं नाणं: मिंटकडून घ्यायचं की ऑनलाइनवाल्याकडून?

पत्र:
नमस्कार दादा, मी डोंबिवलीची. साडेतीन महिन्यांनी बाबांना ७५ पूर्ण होतायत. त्यांना शाळेपासून नाण्यांचा नाद, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमवलेली आहेत, अजूनही रविवारी डबा काढून बसतात. आम्हा भावंडांना वाटलं नवीन संसदेचं ते ७५ रुपयांचं चांदीचं नाणं द्यावं. मिंटच्या, म्हणजे सरकारी टांकसाळीच्या, साइटवर पाहिलं तर तो सेट सध्या मिळत नाहीये. एका शॉपिंग साइटवर ७,८०० ला दिसतोय, वर्णनात "प्युअर सिल्व्हर ओरिजिनल" एवढंच. व्हॉट्सॲपवर एक माणूस प्रूफ सेट, म्हणजे आरशासारखं खास पाडलेलं नाणं, ६,५०० ला देतो म्हणतो, अर्धे पैसे आजच यूपीआयने टाका, उद्यापासून रेट वाढणार. त्यालाच भावाने आपल्याकडचं वैष्णोदेवीचं पाचचं नाणं दाखवलं तर म्हणे याचे सहा लाख मिळवून देतो, रजिस्ट्रेशनचे १,४९९ भरा. भाऊ म्हणतो घेऊन टाकू, इन्व्हेस्टमेंट पण होईल. मी म्हणते थांबू. आई म्हणते सोनाराकडून लक्ष्मीचं नाणं आणा आणि मोकळे व्हा. बाबा कॉलेजात एनसीसीत होते, तो पट्टा अजून कपाटात आहे. नकली निघालं तर ते काही बोलणार नाहीत, पण कळेल त्यांना.

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मी अडकलो. नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला नाणं देताना भीती हीच असते, तो हातात घेतो, कड बघतो, जरा तिरकं धरतो आणि त्याला कळतं, आणि मग तो हसून "छान आहे" म्हणतो आणि ते नाणं डब्यात न जाता शोकेसमध्ये जातं. तुमच्या घरी असं व्हायला नको म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो व्हॉट्सॲपवाला. त्याला आजच्या आज ब्लॉक करा आणि भावालाही करायला लावा. एकही रुपया टाकू नका, "टोकन म्हणून पाचशे" पण नाही. आणि हे मी नुसत्या संशयावरून म्हणत नाहीये, त्याने स्वतःच सांगून टाकलंय तो कोण आहे ते. वैष्णोदेवीचं ते २०१२ चं पाच रुपयांचं नाणं चलनात आलेलं नाणं आहे, माझ्या हातात ते रिक्षावाल्याने सुट्ट्यात दिलंय, भाजीवाल्याने दिलंय, त्याचे सहा लाख देणारा माणूस जगात नाही. ज्याला खरंच विकत घ्यायचंय तो तुमच्याकडून फी कशाला मागेल? आज १,४९९, मग जीएसटी, मग इन्शुरन्स, मग "पैसे बँकेत अडकलेत, सोडवायला इतके भरा", हे थांबतच नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही, आमच्या नावाने कोणी फी, कमिशन, टॅक्स मागत असेल तर ती फसवणूक आहे. भावाने आधीच काही भरलं असेल तर रागावू नका, लगेच १९३० ला फोन करायला लावा, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता मुख्य प्रश्न, मिंट की ऑनलाइनवाले. माझ्यासाठी हे सगळं एका प्रश्नावर येतं, आणि तो प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा: ते नाणं आत्ता, या क्षणी, कोणाच्या हातात आहे? मिंटकडे असेल तर उत्तर साफ आहे. डीलरच्या कपाटात असेल आणि तो तुम्हाला ते उघडून दाखवायला तयार असेल तरी ठीक. पण या बाजारात मोठा भाग असा आहे की विकणाऱ्याकडे नाणं नसतंच, तो फक्त फोटो विकत असतो. नवीन नाण्याची बातमी टीव्हीवर आली की दोन तासांत लिस्टिंग दिसायला लागतात, तेव्हा मिंटने बुकिंगसुद्धा सुरू केलेलं नसतं. हा माणूस तुमचे पैसे घेणार, मग मिंटमध्ये स्वतः बुकिंग करणार, मिंटकडून त्याला येईल तेव्हा तुम्हाला पाठवणार, म्हणजे थांबायचं तुम्हीच आणि वरचे पैसे पण तुम्हीच द्यायचे. शिवाय बातमी ताजी असताना भाव चढलेला असतो, लोकांना पार्सलं मिळायला लागली की बऱ्याचदा उतरतो.

मिंट म्हणजे आपली सरकारी टांकसाळ, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार आहेत, चारही एका सरकारी कंपनीखाली येतात जी २००६ मध्ये झाली, सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन. आपली मुंबईची तर फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर, १८२९ पासूनची, तुम्ही सीएसएमटीवरून तिकडे चालत गेला असाल तर ते मोठ्या खांबांचं दार बघितलंच असेल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, इथे ब्रिटनचं सोन्याचं सॉव्हरिनसुद्धा पाडलं गेलंय, त्यावर इंडियाचा बारीक "आय" असतो, बाबांना विचारून बघा, त्यांना माहीत असणार.

चारही टांकसाळींची विक्री एकाच साइटवरून होते. पत्ता नीट बघा, इंडिया, मग गव्हर्नमेंटचं छोटं रूप जीओव्हीटी, मग मिंट, सगळं जोडून, शेवटी डॉट इन. मधे डॅश नाही, शेवटी शॉप नाही, स्टोअर नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. तिथे पैसे आधी पूर्ण भरावे लागतात आणि पार्सल यायला वेळ लागतो, आठवडे लागतात, कधी महिने, हे मनात धरूनच बुकिंग करायचं. फोर्टच्या मिंटमध्ये काउंटरवरही विक्री होते पण काय शिल्लक आहे, किती वाजेपर्यंत उघडं आहे हे फोन करून विचारल्याशिवाय डोंबिवलीहून निघू नका. आणि बँकेत विचारायला जाऊ नका, चलनातली पाच-दहाची स्मारक नाणी बँकेतून येतात, ही ७५-१००-१२५ वाली मोठी नाणी बँकेत येतच नाहीत, ती फक्त संग्रहासाठी काढलेली असतात.

मिंटकडून घेतलेल्या सेटचा फायदा एवढाच नाही की ते खरं असतं. त्याच्या पॅकिंगला कोणी हात लावलेला नसतो, आणि बिलावर तुमचं नाव असतं. उद्या तुमच्या मुलांना कोणी विचारलं हा सेट कुठून आला, तर कागद आहे.

आता ऑनलाइनवाल्यांबद्दल माझं मत एकतर्फी नाहीये, तेही सांगतो. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या नाण्यांचा धंदा करणारे चांगले डीलर आहेत, मिंटमधून रीतसर बुकिंग करून घेतात, सांभाळून ठेवतात आणि चार पैसे वर लावून विकतात. त्यात काही चुकीचं नाही, मिंटकडे जो सेट संपला तो आणखी कुठून मिळणार? अडचण तिथे होते जिथे विकणाऱ्यालाच माहीत नसतं आपण काय विकतोय. माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १०० रुपयांच्या एका नाण्याचा प्रूफ सेट घेतला, फोटो झकास, रिव्ह्यू झकास, मिंटचा डबा आला, डबा अस्सल होता. उघडलं, खिडकीपाशी नेलं, आणि पोटात खड्डा पडला. डबा प्रूफचा आणि आत नाणं यूएनसी, म्हणजे नवंकोरं पण नेहमीसारखं पाडलेलं, त्यावर अंगठ्याचा ठसा, अगदी अशोकस्तंभाच्या सिंहाच्या तोंडावर. कोणीतरी चांगलं नाणं काढून स्वतःकडे ठेवलं होतं आणि साधं आत घातलं होतं. विक्रेता म्हणाला डबा उघडला म्हणजे रिटर्न नाही. ते पैसे गेले ते गेलेच.

म्हणून प्रूफ आणि यूएनसी यातला फरक तुम्ही दोघांनी डोळ्यांनी ओळखायला शिका. यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, नवंकोरं, कोणी वापरलेलं नाही, पण पाडलेलं नेहमीसारखंच. प्रूफसाठी नाणं पाडायचे ठसे पॉलिश करतात, ज्या चकतीवर नाणं पाडायचं ती पण पॉलिश करतात, आणि सावकाश, जास्त दाबाने, एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात. त्यामुळे मागची सपाट जागा आरशासारखी होते आणि वर उठलेलं चित्र दुधी, धुरकट पांढरं दिसतं. खोलीत ट्यूबलाइट लावून नाणं कडेने धरून तिरकं करा. प्रूफ असेल तर सपाट जागेत पंख्याची पाती स्वच्छ दिसतील आणि सिंह त्या आरशावर तरंगल्यासारखे वाटतील. यूएनसीमध्ये नुसती चमक दिसते, गोल फिरणारी, पंखा दिसत नाही. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की परत फसणार नाही. दुकानात गेलात तर डीलरला सांगा दोन्ही दाखवा, चांगला डीलर हौसेने दाखवतो.

दुसरी गोष्ट, राजपत्र. प्रत्येक स्मारक नाण्याचं केंद्र सरकारचं नोटिफिकेशन निघतं, ई-गॅझेटवर फुकट मिळतं, त्यात वजन, व्यास, धातू, कडेचे दाते, दोन्ही बाजूंना काय लिहिलेलं असेल हे सगळं छापलेलं असतं. विक्रेत्याचं वर्णन सोडा, हे वाचा. संसदेच्या ७५ च्या नाण्याचं असं आहे: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, कडेला २०० दाते, आणि धातू म्हणजे ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. एका बाजूला अशोकस्तंभ आणि खाली रुपयाच्या चिन्हासोबत ७५, दुसऱ्या बाजूला संसदेची इमारत, देवनागरीत "संसद संकुल" आणि खाली २०२३. म्हणजे तुमच्या त्या ७,८०० वाल्या लिस्टिंगमध्ये जे "प्युअर सिल्व्हर" लिहिलंय ते या नाण्याबद्दल सरळ खोटं आहे. एकतर त्याला माहीत नाही नाहीतर त्याने मुद्दाम लिहिलंय, दोन्हीत आपण घ्यायचं नाही. प्युअर चांदीची नाणी असतातच नाहीत असं नव्हे, रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये इथेच मुंबईत ९० रुपयांचं नाणं काढलं ते ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं आहे. म्हणून प्रत्येक नाण्याचं राजपत्र वेगळं बघायचं.

नाणं यूएनसी असेल आणि कॅप्सूलमधून, म्हणजे त्याच्या प्लास्टिकच्या गोल डबीतून, काढता येत असेल तर साध्या किचनच्या डिजिटल काट्यावरही कळतं, ३५ च्या जागी २८-२९ दाखवलं की विषय संपला. फ्रिजच्या लोहचुंबकाला चिकटलं तरी संपला. प्रूफचं सील मात्र वजनासाठी फोडू नका. अजून एक, कोणीतरी सांगेल की खाली टांकसाळीची खूण नाही म्हणजे डुप्लिकेट. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची असते, प्रूफवर "एम", हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. त्यामुळे खूण नाही म्हणून घाबरायचं नाही.

भावाच्या इन्व्हेस्टमेंटबद्दल. ३५ ग्रॅममध्ये निम्मी चांदी म्हणजे साडेसतरा ग्रॅम. आजचा चांदीचा भाव घ्या, गुणा, आणि तो आकडा ७,८०० शेजारी लिहून भावासमोर ठेवा. मधलं जे अंतर आहे ते हौसेचं आहे. हौसेला पैसे द्यावेत, मी आयुष्यभर दिलेत, पण त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणू नये. आपण विकायला जातो तेव्हा डीलर आपल्याला लिस्टिंगचा भाव देत नाही. आणि आईंना सांगा, सोनाराचं लक्ष्मीचं नाणं चांगलंच आहे, त्यात चांदी पण बहुतेक शुद्ध असते, पूजेला ठेवायला घ्या, पण नाणी जमवणाऱ्याच्या लेखी ते नाणं नाही, ते पदक. नाणं म्हणजे सरकारने पाडलेलं, किंमत छापलेलं. बाबांच्या डब्यात त्याला जागा नाही मिळायची.

आता तुम्हाला कदाचित आवडेल असं एक सुचवतो. ७५ म्हटलं की संसदेचंच नाणं असं का? ७५ रुपयांची नाणी बरीच निघालीत. २०१० ला रिझर्व्ह बँकेच्या अमृतमहोत्सवाचं होतं, २०१८ ला पोर्ट ब्लेअरला नेताजींनी तिरंगा फडकवला त्याला ७५ वर्षं झाली म्हणून निघालं, २०२० ला एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं, आणि जानेवारी २०२३ मध्ये एनसीसीला ७५ वर्षं झाली म्हणून दिल्लीच्या रॅलीत पंतप्रधानांनी ७५ रुपयांचं नाणं काढलं. ताई, एनसीसीचं! बाबांचा पट्टा कपाटात आहे म्हणता, आणि बाबांना ७५ होतायत. तुमचं पत्र वाचताना हेच पहिलं डोक्यात आलं. संसदेच्या नाण्याच्या मागे सगळे लागलेत म्हणून त्याचा भाव तसा, हे नाणं शोधा, बाबांना दुसरं काही सांगावं लागणार नाही.

तर या आठवड्यात मिंटच्या साइटवर अकाउंट काढून ठेवा, चारही टांकसाळींच्या यादीत एनसीसीचं शोधा, नसेल तर बाकीची ७५ ची शोधा. संपलेले सेट कधी कधी परत बुकिंगला येतात, म्हणून दर दोन-चार दिवसांनी बघत राहा. मिळालं की लगेच भरा. वाढदिवसापर्यंत पार्सल नाही आलं तरी हरकत नाही, त्या नाण्याचं राजपत्र प्रिंट करा, बुकिंगची पावती त्याला जोडा आणि पाकिटात घालून त्या दिवशी द्या, नाण्यांचा माणूस राजपत्र दहा वेळा वाचतो आणि मग पोस्टमनची वाट बघण्यातही मजा असते.

वाढदिवसाला सहा आठवडे उरले आणि मिंटकडे काहीच नाही असं झालं तर डीलरकडे जा, जा म्हणजे प्रत्यक्ष जा. फोर्टात आहेत, कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरतं तिथे एका छताखाली कितीतरी जण येतात. तीन ठिकाणी भाव विचारा, तिघांचे आकडे जवळपास निघाले तर तो बाजारभाव समजा. दुकानाच्या नावाचं बिल घ्या, बिलावर नाण्याचं नाव, वर्ष आणि प्रूफ की यूएनसी हे लिहून घ्या, आणि "नकली निघालं तर परत घेईन" हे त्याच्या तोंडून ऐका. जो बिल द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून चहा पण घेऊ नका. ऑनलाइनच घ्यायची वेळ आली तर ज्याचं दुकान खरंच आहे, ज्याला फोन करून "आत्ता सेट हातात घेऊन व्हिडिओ कॉलवर दाखवा" म्हटलं की दाखवतो, त्याच्याकडूनच, आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, मधे थांबवू नका. माझ्याकडे तेव्हा तोच नव्हता.

जमलं तर त्या दिवशी बाबांना फोर्टला घेऊन जा. फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, वेळ आधी बघून घ्या, तिथून मिंटचं दार चालत जाण्यासारखं आहे.

सेट आला की घरी ठेवण्याबद्दल थोडंसं. निम्मं तांबं-निकेल-जस्त असलेलं नाणं मुंबईच्या पावसाळ्यात काळवंडतं, डोंबिवलीत तर खिडकी उघडी राहिली की लोखंडी कपाट पण गंजतं. कॅप्सूलमधून काढू नका, काढलंच तर फक्त कडेला धरा, मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका कारण त्यातलं प्लास्टिक कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतं, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि जूनच्या आधी बदला. काळं पडलंच तर पडू दे, संग्राहकाला ते चालतं. आणि आईंना आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीत चांदीची भांडी पितांबरीने घासायला काढतील तेव्हा हे नाणं त्यात घ्यायचं नाही, एकदा पावडर फिरली की त्या आरशात पंखा परत कधीच दिसत नाही.